चालणाऱ्याचे पायताण

वाचकहो, एकदा पहाटे पाच वाजता आमच्या वारणानगरच्या रस्त्यावर उभे राहून बघा. थंडीचे दिवस असले तर अंगावर शाल घ्या. पहिल्यांदा दिसतील ती भरतीची पोरे. कुणाला पोलिसात जायचे आहे, कुणाला सैन्यात. ती धापा टाकीत पुढे निघून जातात. त्यांच्या मागून आमच्या वयाची माणसे दोघे-दोघे, तिघे-तिघे गप्पा मारीत येतात. कुणाला डॉक्टरांनी साखर सांगितली आहे, कुणाला रक्तदाब. अलीकडे बायाही येतात. पदर खोचून, हात हलवीत झपाझप चालतात. हे पाहून आम्हाला फार बरे वाटते.

पण आता त्यांची तोंडे बघू नका, पाय बघा. एकाच्या पायात रबरी सपाता आहेत. त्या दर पावलाला फटफट वाजतात. दुसऱ्याच्या पायात लग्नात घेतलेले काळे कातडी बूट आहेत. तिसऱ्याने मुलाचे टाकलेले बूट चढवले आहेत. एक पोरगा धावतो आहे, पण त्याच्या बुटाचा तळ एका बाजूने पार झिजला आहे. आणि एक आजोबा अनवाणीच आहेत.

आम्ही एका शेतकरी मित्राला म्हटले, "अहो, चालायला चांगले बूट घ्या की."

तो हसून म्हणाला, "गुरुजी, चालायला पाय लागत्यात. बूट कशाला? आमचा बा जन्मभर अनवाणी हिंडला."

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण अगदी खरेही नाही. म्हणून या पाठात आपण पायताणाचा विचार करू.

आमची एक चूक

आम्ही मुख्याध्यापक होतो तेव्हाची गोष्ट. सातवीत एक मुलगी होती. आई-बाप मजुरीला जात. मुलगी मैदानावर अनवाणी धावायची आणि मुलांनाही मागे टाकायची. तिला तालुक्याच्या शर्यतीला न्यायचे ठरले. आमच्या मनात आले, तालुक्याच्या गावी पोर अनवाणी उभी राहिली तर शाळेला कमीपणा येईल. म्हणून एका मोठ्या मुलाचे पांढरे कॅनव्हासचे बूट मागून आणले. ते दोन नंबरांनी मोठे होते. आम्ही पुढे चिंध्या कोंबल्या, लेस आवळून बांधली आणि म्हटले, "पळ आता."

अर्ध्या अंतरापर्यंत ती पुढे होती. मग टाच बुटातून वर सुटू लागली. वळणावर बूट वाकडा पडला आणि तिचा घोटा मुरगळला. तरी ती लंगडत शेवटच्या रेघेपर्यंत गेली. तिच्या मागे एकच मुलगी होती.

परत येताना एस.टी.त ती रडली नाही. फक्त एवढेच म्हणाली, "गुरुजी, बूट काढून पळू दिलं असतं तर?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या वर्षी आम्ही तिला पुन्हा विचारले, तर ती नको म्हणाली. आम्ही तिच्या पायाचा विचार केला नव्हता. शाळेच्या शोभेचा केला होता.

अनवाणी धावणारे

अनवाणी धावण्यात कमीपणा नाही, हे आम्हाला तेव्हा आठवायला हवे होते. १९१९ साली सर दोराबजी टाटा यांनी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहिल्या. शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावत होती. त्यांचा दम पाहून टाटांच्या मनात आले, की ही पोरे परदेशी खेळाडूंच्या शेजारी का उभी राहू नयेत? त्यांच्या खटपटीने १९२० साली बेल्जममधील अँटवर्प शहरी ऑलिंपिक सामन्यांना हिंदुस्थानचा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. ते मॅरेथॉन ही लांब पल्ल्याची शर्यत धावले आणि एकोणिसावे आले.

पुढे १९६० साली रोम येथे ऑलिंपिक झाले. इथिओपिया देशाचा एक शिपाई तेथे आला होता. त्याचे नाव अबेबे बिकिला. त्याला मिळालेले नवे बूट पायात नीट बसेनात. त्याने ते बाजूला ठेवले आणि बेचाळीस किलोमीटरची ती शर्यत अनवाणी धावून जिंकली. साऱ्या जगाने तोंडात बोट घातले. पण गोष्ट इथे संपत नाही. १९६४ साली टोकियोला तोच बिकिला पुन्हा धावला आणि पुन्हा पहिला आला. या वेळी त्याच्या पायात बूट होते, आणि ते त्याच्या पायाला बसणारे होते.

आमच्या मते यातून दोन गोष्टी शिकायच्या. न बसणाऱ्या बुटापेक्षा अनवाणी पाय परवडला. आणि बसणारा बूट मिळाला तर तो टाकू नये. लहानपणापासून अनवाणी धावणाऱ्याचा तळवा घट्ट झालेला असतो आणि त्याची चाल तशी घडलेली असते. आपण पन्नाशीला चालायला सुरुवात करतो. शिवाय आपल्या वाटेवर डांबर, खडी आणि फुटक्या काचा आहेत.

पाऊल कसे चालते?

आपल्या एका पावलात सव्वीस हाडे आहेत. दोन्ही पावलांची मिळून बावन्न झाली. साऱ्या शरीरात हाडे दोनशे सहा. म्हणजे चौथा हिस्सा हाडे पावलांत आहेत. मागे टाच, मधे कमान, पुढे चवडा आणि बोटे. कमान ही कमळाच्या पानासारखी सपाट नसते. ती धनुष्यासारखी थोडी वाकते आणि पुन्हा उचलते. त्यामुळे धक्का सोसला जातो.

चालताना एक तरी पाऊल जमिनीवर असतेच. प्रथम टाच टेकते, मग भार चवड्यावर सरकतो आणि अंगठ्याने आपण पुढे रेटा देतो. धावताना तसे नसते. धावताना क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात. मग सारे शरीर एका पावलावर उतरते. त्या वेळी पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. साठ किलोच्या पोराच्या पायावर दर उडीला एकशेवीस ते एकशेऐंशी किलो. पुन्हा असे शेकडो वेळा.

चालणाऱ्याचाही हिशेब करू. एक किलोमीटरला साधारण तेराशे ते पंधराशे पावले पडतात. जो रोज चार किलोमीटर चालतो, त्याचा प्रत्येक पाय अडीच ते तीन हजार वेळा जमिनीवर टेकतो. बुटात बोट घासत असेल तर ते रोज तितक्या वेळा घासते. मग फोड येणार नाही तर काय होईल?

म्हणून धावणाऱ्याच्या बुटाला टाचेखाली आणि चवड्याखाली चांगली मऊ गादी हवी. चालणाऱ्याला तेवढी जाड गादी लागत नाही. त्याचा बूट चवड्याजवळ सहज वाकणारा आणि टाचेला धरून ठेवणारा असावा. धावायच्या बुटाने चालले तरी चालते. पण चालायच्या साध्या बुटाने रोज धावू नये.

मग आमचे कोल्हापुरी पायताण?

असा प्रश्न कुणी तरी विचारणारच. कोल्हापुरी पायताण हा आमच्या भागाचा मान आहे. २०१९ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांतील कारागिरांनाच ते नाव लावता येते. वनस्पतींच्या साली आणि फळे वापरून कमावलेले कातडे, हाताची शिवण, आणि वर्षानुवर्षे टिकणारा तळ. बाजाराला जाताना, पाहुण्याकडे जाताना ते घालावे आणि कारागिराला दोन पैसे मिळू द्यावेत.

पण प्रत्येक हत्याराचे काम वेगळे. विळ्याने लाकूड फोडत नाहीत. कोल्हापुरी पायताणाला टाचेमागे आधार नसतो आणि तळाला गादी नसते. ते पायातून सुटू नये म्हणून बोटे नकळत आवळली जातात. दहा-वीस पावलांना ते कळत नाही. रोज चार किलोमीटर झपाझप चालले की बोटे आणि पोटऱ्या दुखू लागतात. रबरी सपातांचेही तसेच आहे. धावायला तर दोन्ही नकोतच.

दुकानात गेल्यावर

आता बूट घ्यायला निघू. आमच्याकडे मुलासाठी बूट आणायचा म्हणजे बाप घरून सुतळीने नाहीतर काडीने माप घेतो आणि एकटाच बाजाराला जातो. सुतळीला लांबी कळते, रुंदी कळत नाही. म्हणून ज्याचा बूट, त्याचा पाय दुकानात न्यावा. एक दिवसाची मजुरी बुडते खरी, पण न बसणारा बूट आणला तर सारेच पैसे बुडतात.

दुकानात दुपारनंतर किंवा संध्याकाळी जावे. दिवसभर उभे राहून पाय थोडे सुजतात. सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो. चालताना जे मोजे घालणार तेच घालून जावे.

दोन्ही पायांचे माप उभे राहून घ्यावे. बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो. बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यावा.

नंबरावर फार विसंबू नये. आपल्याकडच्या नेहमीच्या नंबरात एका नंबराने लांबी इंचाच्या तिसऱ्या हिश्श्याने वाढते. युरोपातील नंबर वेगळे, बेचाळीस-त्रेचाळीस असे. शिवाय एका कंपनीचा आठ नंबर दुसऱ्या कंपनीच्या आठ नंबराएवढा असेलच असे नाही. हे नंबर मुळात परदेशी पावलांवरून आलेले आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभर एक लाखाहून जास्त माणसांची पावले मोजली, तेव्हा आपली पावले परदेशी मापांपेक्षा रुंद असल्याचे दिसून आले. म्हणून पुष्कळ लोक रुंदी मिळावी म्हणून एक नंबर मोठा बूट घेतात. मग पुढे लांबी उरते आणि टाच सुटते. आमच्या त्या मुलीची गत होते. रुंद पायाच्या माणसाने नंबर वाढवू नये, रुंद बूट मागावा.

बूट घालून उभे राहावे. सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरावी. कित्येकांचे अंगठ्याशेजारचे बोट लांब असते, तेही बघावे. बोटे आत हलवता आली पाहिजेत. चवडा दोन्ही बाजूंनी आवळू नये. टाच मात्र मागे घट्ट बसली पाहिजे. मग दुकानात दहा मिनिटे चालावे. दुकानदार म्हणेल, "घ्या हो, वापरून सैल होईल." ऐकू नका. जो बूट दुकानात चावतो तो वाटेवरही चावतो.

बूट हातात घेऊन तीन गोष्टी पाहाव्यात. एक, पुढून दाबून वाकवावा. तो चवड्याच्या जागी वाकावा, मधोमध घडी पडू नये. दोन, टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबावा. तो पुठ्ठ्यासारखा आत दबून जाऊ नये. तीन, सपाट फळीवर ठेवून मागून पाहावा. एका बाजूला कललेला नसावा. आतून हात फिरवून टोचणारी शिवण नाही ना, हेही पाहावे.

कित्येक दुकानदार पावलाची कमान पाहून बूट सुचवतात. ओला पाय फरशीवर टेकला की कमान कळते. साऱ्या पावलाचा ठसा उमटला तर पाय सपाट, मधला भाग कोराच राहिला तर कमान उंच. हे माहीत असावे. पण केवळ त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. अमेरिकेच्या सैन्यात नव्या भरतीच्या जवानांवर हे अजमावून पाहिले. काहींना कमान पाहून बूट दिले, काहींना सरसकट एकाच जातीचे दिले. दोन्हीकडे दुखापती जवळपास सारख्याच झाल्या. म्हणून पायाला जो सुखाचा वाटतो तोच खरा बूट. महाग बूट चांगलाच असतो असे नाही, आणि शोभिवंत बूट तर मुळीच नाही.

भरतीच्या पोरांना

पोरांनो, पोलिस भरतीत मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर धावावे लागते. त्यासाठी तुम्ही महिनोन्‌महिने घाम गाळता. मग ऐन भरतीच्या आठवड्यात नडगी दुखू लागते आणि सारी मेहनत पाण्यात जाते. बरेचदा कारण एकच असते. धावणे एकदम वाढवलेले असते आणि बूट मेलेला असतो.

बूट मेला हे कसे ओळखावे? वरून तो चांगला दिसतो. पण तळाची नक्षी झिजलेली असते, मधल्या गादीला बाजूने सुरकुत्या पडलेल्या असतात, आणि पूर्वी न दुखणारे पाय दुखू लागतात. धावायचा बूट साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर टिकतो. रोज चार किलोमीटर धरले तर चार ते सात महिने. बूट घेतल्याची तारीख आत शाईने लिहून ठेवावी.

नवा बूट भरतीच्या दिवशी प्रथम घालू नये. दोन-तीन आठवडे आधी घेऊन त्यात धावावे. जमेल तेव्हा डांबर सोडून मातीवर धावावे. दुसऱ्याचा वापरलेला बूट घेऊ नये. तो त्याच्या चालीप्रमाणे झिजलेला असतो. आम्ही स्वतः मुलाचे जुने बूट वर्षभर वापरले आणि गुडघा धरून बसलो. पैसे वाचले म्हणून आनंद झाला होता, ते पैसे औषधाला गेले.

साखरेचा आजार असेल तर

हा भाग कृपा करून दोनदा वाचा. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.

आमच्या ओळखीचे एक आबा होते. पुष्कळ वर्षांची साखर. चैत्राच्या यात्रेला ते ज्योतिबाच्या डोंगरावर अनवाणी गेले. उन्हाने फरशी तापलेली होती. बरोबरचे लोक पाय उचलून पळत होते, आबा मात्र सावकाश चालत होते. सगळे म्हणाले, "काय ही भक्ती!" घरी आल्यावर सुनेला अंथरुणावर ओल दिसली. तळव्याचे कातडे भाजून सुटले होते आणि आबांना पत्ताच नव्हता. जखम चिघळली. पुढे दोन बोटे काढावी लागली.

साखर फार दिवस राहिली की पायाच्या शिरा बधिर होतात. दुखणे ही शरीराची हाक असते. ती हाकच बंद पडते. बुटात खडा असला तरी माणूस दिवसभर चालत राहतो. म्हणून अशा माणसाने घरातसुद्धा अनवाणी चालू नये. नवस असेल तर देवाची क्षमा मागावी आणि पायताण घालून जाता येईल तितके जावे. देव पाय मागत नाही.

बूट घालण्यापूर्वी तो उपडा करून झटकावा आणि आत हात फिरवावा. नवा बूट पहिल्या दिवशी तास-दीड तासच घालावा आणि मग पाय पाहावा. मोजे फिक्या रंगाचे असावेत, म्हणजे रक्त किंवा पाणी लागले तर लगेच दिसते. रोज रात्री तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवावा किंवा घरच्यांना पाहायला सांगावे. कुरूप ब्लेडने कापू नये. पाय गरम पाण्यात बुडवून शेकू नयेत. फोड दिसला की त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

बधिर पावलांसाठी मऊ रबराची एम.सी.आर. चप्पल मिळते. तमिळनाडूतील वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरोग्यांच्या पायांसाठी अशा रबराचा उपयोग सुरू केला. आज साखरेच्या रोग्यांनाही ती उपयोगी पडते. पण डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

बायांना दोन शब्द

कित्येक बाया म्हणतात, "लुगड्यावर बूट घातलं तर लोक हसतील." हसू द्या. २०१४ साली बारामतीच्या शर्यतीत लता करे नावाच्या बाई नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. वयाची साठी उलटलेली, आणि नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते. त्यांच्या पायात बूट नव्हते ही गरिबी होती. आपल्याला घेणे शक्य असताना लाजेपोटी न घेणे हा वेडेपणा आहे.

बुटाची निगा

आमच्याकडे पाऊस आणि चिखल फार. ओला बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नये. त्याने डिंक सुटतो आणि गादी कडक होते. आतले तळवे काढावेत, वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि वाऱ्याला ठेवावा. चिखल वाळल्यावर ब्रशने झाडावा. मोजे रोज धुवावेत. फार घाम येणाऱ्याने जाड सुती मोजे टाळावेत. ते भिजून बसतात आणि फोड आणतात. लेस न सोडता पाय कोंबू नये, टाचेचा भाग मोडतो.

आणि एक गोष्ट बुटापेक्षाही मोठी. गळिताच्या हंगामात पहाटे उसाचे ट्रॅक्टर आणि ट्रक अंधारातून येतात. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. अंगात पांढरा सदरा असावा.

ध्यानात ठेवा

आठवड्यातून निदान पाच दिवस, रोज अर्धा तास झपाझप चालावे.
बूट संध्याकाळी, मोजे घालून, उभे राहून पाहावा.
पुढे अंगठ्याएवढी जागा, चवड्याला मोकळीक, टाचेला पकड.
नंबर विचारू नका, पायाला विचारा.
साखर असेल तर अनवाणी एक पाऊलही नको.
मुलाचा बूट घ्यायचा तर मुलाला बरोबर न्या.

हे शेवटचे वाक्य आम्ही फार उशिरा शिकलो. तुम्ही आजच शिका.